विहीणबाईंच्या दारी शेवंती

न लिहिलेल्या नियमांचा मला मनस्वी संताप येतो. नियम असेल तर तो लिहावा, छापावा आणि ज्याच्यावर लागू करायचा त्याला आधी कळवावा. इथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, मी आजवर धाडलेल्या सर्व पत्रांचा सारांश एवढाच आहे. तेव्हा इटालियन शिष्टाचाराशी माझे पटणे कठीणच होते.

आमच्या लेकीने पसंत केलेला मुलगा इकडे विलायतेतच वाढलेला, पण आई इटलीची. वडील हयात नाहीत, हा एकुलता एक. आईच्या होकाराशिवाय तो लग्न करणार नाही, हे लेकीने आम्हांला स्पष्ट सांगितले होते. त्या बाईंनी आम्हां उभयतांना रविवारी मिल्टन कीन्सला जेवायला बोलावले.

हॅरो मागे पडताच लेकीने गाडी चालवता चालवता कलमे ऐकवायला सुरुवात केली.

"बाबा, स्पॅगेटी सुरीने कापायची नाही."

"का?"

"नाही कापत. माशाच्या पास्त्यावर चीज मागायचं नाही. आणि जेवणानंतर कॅपुचिनो नाही, तो फक्त सकाळी."

"दुपारी दूध प्यायल्याने कोणाच्या हक्कावर गदा येते?"

"बाबा, प्लीज! आज आर्ग्युमेंट नको."

"अहो, ऐका जरा तिचं," मागून पत्नी म्हणाली. "पिठल्यावर कुणी जॅम मागितला तर तुम्हीच घर डोक्यावर घ्याल."

मी लगेच पुढच्या चौकातल्या राउंडअबाउटच्या रचनेवर टीका केली.

फुले मात्र मी कोणालाही न विचारता निवडून डिकीत ठेवली होती. टपोरी, पिवळीधमक शेवंती. आमच्या देव्हाऱ्यात सणावाराला हीच असते. शुभकार्याला कोणते फूल न्यावे, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बाईंनी हसतमुखाने दार उघडले. मी गुच्छ पुढे केला. त्यांचे हसू जागीच मावळले, हात मागे गेला आणि त्यांनी इंग्रजीत विचारले, "कोण वारलं?"

लेक माझ्या कानाशी कुजबुजली, "बाबा, इटलीत ही फुलं फक्त कबरीवर ठेवतात!"

मी खाकरलो. "मॅडम, हेतू पाहावा. दुष्ट हेतूवाचून गुन्हा सिद्ध होत नाही. आमच्याकडे ही फुले देवाला वाहतात आणि नवरीच्या केसांत माळतात."

"नवरीच्या?" बाईंचा आवाज चढला. "मग पुढच्या खेपेला शवपेटी आणा. माझ्या मापाची!"

त्यांच्यामागे उभा असलेला मुलगा भिंतीकडे वळून खांदे हलवीत होता. तो हसत होता हे उघड होते. लेकीच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले. माझ्या बचावात अजून बराच मजकूर शिल्लक होता, पण पत्नीने माझ्या हातातून गुच्छ काढून घेतला आणि बाईंना एवढेच विचारले, "दोरा आहे का हो?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती वेणी गुंफू लागली. बाई हाताची घडी घालून लांब उभ्या राहिल्या. मग एक पाऊल पुढे आल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"ती गाठ पुन्हा दाखवा."

पत्नीने दाखवली. बाईंनी दोन फुले स्वतः ओवली, पत्नीची एक गाठ सैल आहे असे सांगून ती सोडवली आणि नव्याने बांधली. वेणी पुरी झाल्यावर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली; बहुधा खबरदारी म्हणून. मग लेकीला समोर बसवून तिच्या केसांत ती स्वतःच्या हातांनी माळली आणि तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "केसांत चालेल."

सगळे जेवायला बसलो. पास्ता वाढता वाढता बाईंनी मला बजावले, "लग्नाला चर्चमध्ये मात्र ही फुलं नकोत. तिथली फुलं मी आणीन. तुम्ही काहीही आणायचं नाही."

लेकीचा काटा हवेतच थांबला. मग तिने मुलाकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

चर्च कोणी ठरवले, मुहूर्ताचे काय, मंगलाष्टके कोठे व्हायची, असे तीन मुद्दे माझ्या जिभेवर तयार होते. टेबलाखाली पत्नीचा पाय माझ्या पायावर येऊन ठेपला होता. पण त्याची आवश्यकता नव्हती. सर्व हरकती राखून ठेवून मी ताटली पुढे केली आणि आणखी थोडे वाढा म्हणालो.