खंडेनवमीचा पाना

नांदेडच्या धावपट्टीवर मी विमानं दुरुस्त करायचो, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या. विमानं कसली, एकच होतं. चार माणसांचं, एका खाजगी कंपनीचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्यात दुष्काळ पडला, म्हणून आटलेली तळी वरून बघायला निघालेल्या अधिकाऱ्यांची त्याच्यात ये-जा असायची. मेकॅनिक आम्ही दोघंच. मी भोकरकडचा, आणि निवृत्तीला टेकलेले काका शिरूर अनंतपाळचे.

विमान ठेवायच्या हँगरच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगानं काढलेला. काम संपलं की हत्यार आपापल्या आकारावर टांगायचं. एक जरी लाल आकार उघडा दिसला, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. हा नियम मला काकांनीच शिकवला होता, तोही शिव्या घालून.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी केबिनचा तळाचा पत्रा उघडून खालच्या तारा आवळल्या. वैमानिकानं दांडी ओढली की याच तारांनी विमानाचं नाक वर होतं. पत्रा परत बसवेपर्यंत काकांनी फळी उतरवायला घेतली होती, कारण दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं सतरंजीवर मांडून पूजायची होती.

“दे रे, तुझी बी दे,” ते म्हणाले. मी माझा खोका त्यांच्या हाती दिला आणि घरी निघालो.

आमचं घर बौद्ध. माझ्या बापानं पूजाअर्चा सोडली त्याला जमाना झाला होता. काकांची पूजा मला खुपत नव्हती, पण आपण त्यात कशाला लुडबुडा, म्हणून मी हत्यारं मोजायला थांबलो नाही. मोजणं माझ्याकडे असायचं, म्हणून काकांनीही मोजली नाहीत.

नवमीला सकाळीच निरोप आला की एका अधिकाऱ्याला लातूरला पोचवायचंय. हँगरमध्ये हत्यारं हळदकुंकू लावून बसली होती. झेंडू त्या वर्षी पाण्यावाचून गेला, म्हणून काकांनी माळावरची तरवडाची पिवळी फुलं वाहिली होती.

“आज हत्याराला हात लावायचा न्हाई,” काका म्हणाले. “अन् इमानाला काय धाड भरलीय? कालच तर बघितलास.”

मी तेल पाहिलं, चाकं पाहिली. सवयीनं फळीकडेही पाहिलं. ती सगळीच रिकामी होती, तिथं एक पाना कमी आहे हे कळणार कसं? वैमानिक साहेबांनी विचारलं, “ठीक?” मी “हाव साहेब” म्हणालो आणि कागदावर सही केली.

अधिकाऱ्याला सोडून साहेब एकटेच परत येत होते. हँगरमधल्या वायरलेसवर त्यांचा आवाज आला. “दांडी मागे येत नाहीये. नाक वर घेता येत नाही. काल तळाखाली काही उघडलं होतं का?”

मी सतरंजीकडे पाहिलं. काकांनी पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावले होते. मधला एक नव्हता. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. वायरलेस खरखरत होता.

“बोल की भाड्या!” काका ओरडले.

“साहेब, माझा पाना खाली राहिलाय. दांडी ओढू नका. ओढाल तसा तो तारेत घट्ट बसेल. आधी पुढे ढकला, मग हळूहळू मागे घ्या.”

“पुढे?” पुढे म्हणजे नाक जमिनीकडे.

“पुढेच साहेब.”

काका सतरंजीपाशी मटकन खाली बसले. शेवटी साहेब एवढंच म्हणाले, “सुटली.”

विमान उतरलं. मी पत्रा उघडला. तार ज्या चाकावरून फिरते, त्याच्याशेजारी पाना पडला होता, त्याच्या दांड्यावर तारेचा ताजा वळ होता. काका पुढे झाले. “साहेब, पूजा म्या मांडली. फळी म्या रिकामी केली. चूक माझी हाय.”

“पाना माझ्या हातचा,” मी म्हणालो. “सहीपण माझी.”

साहेबांनी पाना हातात घेतला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“पाना राहतो एखाद्याचा,” ते म्हणाले. “पण मी विचारल्यावर तू गप्प का बसलास?”

खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. “नोकरी जाईल, असं मनात आलं साहेब.”

त्यांनी मान हलवली, पाना माझ्या हातात परत दिला आणि हळूच म्हणाले, “मी तेवढ्या वेळात माझ्या लेकीचा निरोप घेत होतो.”