मामांवर मी घडवलेलं क्रियापद

मामा गेल्याचं कार्ड खामगावच्या छापखान्यात हाती आलं, तेव्हा मी नव्या पत्रकाची मुद्रितं तपासत होतो. ते काम संपवूनच निघालो. चिखलीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं... त्याला आता पाच आठवडे झाले.

मामा चिखलीचं वाचनालय सांभाळत. शिवाशिवीपायी ज्यांना आत येऊ देत नसत, ती माणसं बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसत आणि मामा खिडकीशी उभे राहून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वर्तमानपत्र वाचत. आत का घेत नाही, असं मी विचारलं की म्हणत, "तीन सालाखाली ते सडकेवर उभे राहत, गोविंदा. आता ओसरीवर बसतात. थोडा थांब न."

मला ही पळवाट वाटे. मी पत्रक काढलं आणि त्यात एक क्रियापद घडवलं: सापेक्षणे, म्हणजे कालचा मोठा अन्याय शेजारी ठेवून आजचा लहान दाखवणे. उदाहरणही दिलं, 'आमचे वाचनालय माणसांचा अपमान सापेक्षते.' शब्द गावात चालला. हाटेलात लोक म्हणत, "मामा, चहा कसा हाय? सापेक्षून सांगा." मामा म्हणत, "कालच्यापरीस बरा," आणि स्वतःही हसत.

पण पत्रक वाचनालयाच्या पंचांनीही वाचलं. ओसरीकडे त्यांनी आजवर काणाडोळा केला होता. मी छापल्यावर तो करता येईना. त्यांनी ओसरी बंद केली, खिडकीला खिळे ठोकले.

मामांच्या तेराव्याला जोडे शिवणारे किसनबुवा आले आणि अंगणातच थांबले. मी त्यांना हात धरून आत आणलं. ओसरी बंद झाल्यावर मामा वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या वस्तीत जात, पाय सुजेपर्यंत जात, हे त्यांच्याकडून कळलं. माझं लिहिणं चुकलं का, मी विचारलं.

"खरंच लिहिलं तू, बाप्पा. पण आमचा पेपर गेला न."

वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडायलाच हवं, असं मी आजही म्हणतो. पण ती व्याख्या करताना ओसरीवरच्या एकाही माणसाला मी काही विचारलं नव्हतं.

आता बाजाराच्या दिवशी वस्तीत मी वाचतो. चार ओळी होत नाहीत तोच मागून किसनबुवा म्हणतात, "मोठ्यानं, बाप्पा. मामाचं विहिरीपर्यंत ऐकू ये."