बागेत लावलेले शिळामुद्रणाचे दगड

नोकरीला लागले तेव्हा मी चित्रकार होते. आता मी ललित कला विभागाची प्रमुख आहे, विद्यापीठाच्या कलादालनाची समन्वयक आहे आणि सांस्कृतिक समितीची सचिवही आहे. माझा हात सगळ्यात जास्त चालतो तो सह्या करायला. त्याबद्दल तक्रार नाही. ही कामं कुणीतरी करायची असतात आणि मला ती नीट जमतात. सकाळी डायरीत कामं लिहायची, संध्याकाळी खोडायची, उरलेली उद्यावर न्यायची.

तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे कला विभाग म्हणजे सजावटीचा विभाग समजतात. दीक्षान्त समारंभाची रांगोळी आमची, पाहुण्यांमागचा पडदा आमचा, कुणा अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा 'जरा बघून द्या ना मॅडम' म्हणून आमच्याकडे. आम्ही वर्गात काय शिकवतो हे विचारायला मात्र इतक्या वर्षांत कुणी जिना चढून आलेलं नाही. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जे झालं तो अपघात होता, असं मी अजूनही मानत नाही.

मूल्यांकन समिती येणार होती. रंगकाम निघालं आणि आमच्या मुद्रणाच्या खोलीतलं सगळं सामान व्हरांड्यात काढायचा हुकूम आला. त्यात शिळामुद्रणाचे दगड होते. चुनखडीच्या जाड, जड, आरशासारख्या घासलेल्या लाद्या. त्यांच्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंकाचा थर द्यायचा आणि मग शाई फिरवून कागदावर छापायचं. नवे दगड मिळत नाहीत. बंद पडलेले छापखाने शोधत मी ते गोळा केले होते. मालेगावच्या एका उर्दू छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकांनी टेम्पोत दगड चढताना मला सांगितलं होतं, "ले जाओ बेटी, मगर इनसे काम लेना. सजाके मत रखना."

समिती यायच्या दिवशी सकाळी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. सुरगाण्याकडची मुलगी, वसतिगृहात राहणारी, एरवी फारसं न बोलणारी.

"मॅडम, माझा दगड नाय."

"व्हरांड्यात बघितलास?"

"व्हरांड्यात एकपण दगड नाय."

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. तिचं परीक्षेचं चित्र त्या दगडावर होतं, डिंक देऊन तयार, फक्त छापायचं बाकी. रंगकाम संपेपर्यंत थांब, असं तिला मुद्रणखोलीच्या मदतनिसांनी सांगितलं होतं. छाप नाही तर गुण नाहीत आणि गुण नाहीत तर पदवी नाही. घरून तिला पुन्हा एक वर्ष कुणी पाठवणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दगड बागेत सापडले. फाटकापासून सभागृहापर्यंत हिरवळीतून नवी वाट केली होती. आमचे दगड ओळीने सिमेंटमध्ये बसवलेले, वर ओली गोणपाटं, आणि गवंडी पाइपने पाणी मारत होता.

"पाणी बंद करा," मी म्हणाले.

"पाणी नाय मारलं तर सिमेंट धरणार नाय मॅडम."

"धरायलाच नको आहे."

त्याने ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार खुशीत होता. "शहाबादी एवढी गुळगुळीत कुठं मिळते आता? आणि वर नक्षी काढलेली. म्हटलं कला विभागाचाच माल आहे, नक्षी वरच ठेवू."

डिंक पाण्याने जातो. एकदा तो गेला की दगड उघडा पडतो. मग त्यावर पडलेलं प्रत्येक बोट, प्रत्येक चप्पल तेलाचा डाग ठेवते आणि तो चित्राबरोबर छापला जातो. हे मी ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, "कुलसचिव साहेबांशी बोला."

मुलगी तोवर एकेक गोणपाट उचलून बघत होती. सभागृहाच्या पायरीजवळ ती खाली बसली.

"नाव लिहिलंय का तुझं त्याच्यावर?" गवंड्याने विचारलं.

"माझी आई हाय त्याच्यावर."

तो वाकून बघायला लागला. द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे निघालेली पिकअप, मागे दाटीने उभ्या बायका, पुढच्या कोपऱ्यात तोंडावर पदर धरलेली एक. गवंड्याने पाइप बाजूला टाकला. "आमची पण जाते," एवढंच म्हणाला.

मी कुलसचिवांच्या खोलीत गेले. ते समितीच्या पुष्पगुच्छांची पाहणी करत होते.

"सर, मी एक दगड काढून घेते आहे. बाकीचे समिती गेल्यावर."

"समिती निघालीय मॅडम. आता वाट उखडायची? एका मुलीसाठी?"

"विद्यापीठ कुणासाठी आहे सर?"

"तुम्ही कलाकार मंडळी फार मनाला लावून घेता. दगड आहे तो. दुसऱ्यावर काढेल ती."

"तुमचा प्रबंध मी जिन्याखाली फरशीसारखा अंथरला असता तर?"

"तो तसाही जिन्याखालीच आहे," ते म्हणाले आणि हसले. वाईट माणूस नाही. पण आपलं काम जिन्याखाली गेलं म्हणून दुसऱ्याचंही जावं, आणि त्याचं कुणाला काही वाटू नये, हे मला आजही सहन होत नाही. मनाला लावून घेणं म्हणे. लेखा विभागाची कपाटं कुणी बागेत नेऊन त्यांत झाडं लावली असती तर तिथल्या लोकांना कुणी कलाकार म्हटलं नसतं.

मी परवानगीची वाट पाहिली नाही. गवंड्याने स्वतःच पहार आणली. सिमेंट कडेने धरलं होतं, मध्ये अजून ओलं होतं. दगड निघाला, पण खालच्या कडेचा एक टवका गेला. आम्ही तो ट्रॉलीवर चढवला. बाकीचे दगड तसेच पाण्यात होते. त्यांच्यावरची चित्रं खालच्या वर्गांच्या सरावाची होती, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यातलं एकही पुढे छापता आलं नाही.

ट्रॉली वळवत होतो तेवढ्यात कुलसचिवांबरोबर समिती फाटकातून आत आली. अध्यक्ष वाटेवर थांबले, खाली बघून म्हणाले, "वा. जुन्या वस्तूंचा पुनर्वापर. फार कल्पक."

"विद्यार्थ्यांचीच कल्पना," कुलसचिव म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "हे आमचं शिकवण्याचं साहित्य आहे. आपण चित्रांवर उभे आहात."

अध्यक्षांनी एक पाय उचलला, पण ठेवायला दुसरी जागा नव्हती. "मॅडम गमतीशीर आहेत," कुलसचिव म्हणाले आणि सगळे पुढे गेले. नंतर अहवालात त्या वाटेचं कौतुक आलं.

खोलीत आम्ही दगड पंख्याखाली सुकवला, पुन्हा डिंक दिला, टर्पेंटाइनने धुऊन शाई फिरवली. पिकअपमधल्या बायका एकेक करून वर आल्या. पुढच्या कोपऱ्यातलीही आली. टवका तिच्या पायाखालून गेला होता. वरच्या आभाळात मात्र एका चपलेचा ठसा उमटला.

माझा फोन वाजत होता. शेवटी घेतला.

"समिती जेवायला बसलीय," कुलसचिव म्हणाले. "विभागप्रमुख कुठे आहेत, विचारतायत."

"सांगा, विभागप्रमुख छापतायत."

फोन बंद करून मी मुलीला विचारलं, "चप्पल घासून काढायची?"

तिने पहिला छाप खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

"काढा," ती म्हणाली. "मी नाय काढली ती." आणि तिने घासायचा प्युमिसचा दगड माझ्या हातात दिला.