पंपाची कसली लाज

परतूरच्या पोस्टात कारकुनी करणारा मुकुंद आणि मी, दोघंही लहानपणापासूनचे दमेकरी. जिनिंग सुरू झालं की गावात कापसाचं तूस उडायचं आणि आमच्या छातीतले भाते चालू व्हायचे. दोन हजार तीनच्या सुमारास स्टेशनजवळ इंटरनेटचं दुकान निघालं. तिथं मुकुंदानं दमेकऱ्यांचा एक गट शोधून काढला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आपलं रडगाणं गायचं आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं. रविवारी एकाच कॉम्प्युटरपुढे आम्ही दोघं खेटून बसायचो.

गटात अंकुशनगरच्या उमाताई होत्या. नवरा साखर कारखान्यात. त्यांनी एकदा लिहिलं, सासूबाईंना दिसू नये म्हणून न्हाणीघरात जाऊन दम्याचा पंप घेते. मुकुंदानं लगेच उत्तर टाकलं, "चष्मा लावायला लाजता का? मंग पंपाची कसली लाज? चारचौघांत घ्या."

मला हसूच आलं. हा पठ्ठ्या स्वतः पोस्टातल्या कपाटाआड जाऊन पंप ओढायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! तसं म्हटलं, तर म्हणाला, "माझं सोड. भाचीचं लग्न होऊ दे आधी. मामाला दमा आहे म्हटलं की स्थळं परत जाऊन राह्यलीत."

वैशाखात भाचीचं लग्न लागलं. होमाचा धूर मंडपात कोंडला आणि मुकुंदाची छाती वाजायला लागली. हात खिशाकडे गेला, तशी त्याची बहीण अरुंधती हळूच म्हणाली, "दादा, व्याही बघून राह्यलेत." तो उठून मंडपामागे गेला. तिथं स्वयंपाकाच्या भट्ट्या ओल्या लाकडांवर धुमसत होत्या.

मी शोधत गेलो, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. पंप हातात, ओठ निळे. जीपमध्ये घालून आम्ही जालन्याला निघालो, पण वाटेतच त्याचा श्वास थांबला. एवढासा पंप लपवण्यापायी माणूस गेला. मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा, ते कळत नाही.

त्याचे दिवस-कार्य झाल्यावर गटाला कळवायला मी एकटाच दुकानात गेलो. उमाताईंचा निरोप येऊन पडला होता. "मुकुंददादा, तुमचं ऐकलं. परवा सासूबाईंसमोर ओट्यावर बसून पंप घेतला. त्यांनी उठून पाणी आणून दिलं."

मी त्याखाली लिहिलं, मुकुंद गेला. तुमचा निरोप वाचून त्याला फार आनंद झाला असता. कसा गेला, ते मात्र लिहिलं नाही.