एक पाय आत, एक पाय बाहेर

सॉकरच्या विश्वचषकात आमची अमेरिका एका गोलने मागे होती. सामना युरोपात, म्हणून इथे न्यू जर्सीत भर सकाळ. शेजारचा डेव्ह कॉफीचा मग घेऊन आला, त्याने दारातून एक पाय आत टाकला आणि त्याच क्षणी आपला गोल झाला!

"हलू नकोस!" मी किंचाळले. "तू तिथे आहेस म्हणून झाला!"

लहानपणी सांगलीत क्रिकेट बघताना जोडी जमली, की बाबा कुणाला पाणी प्यायलाही उठू देत नसत. माझा पासपोर्ट बदलला, खेळ बदलला, हे वेड मात्र तसंच राहिलं. आपण कुठे बसतो यावर समुद्रापलीकडचा चेंडू ठरतो, असं वाटायला लागलं की समजावं, संघ आपला झाला.

डेव्ह बिचारा शेवटपर्यंत तसाच उभा राहिला. कॉफी गार झाली, पण आम्ही जिंकलो!

पुढच्या सामन्याला मी त्याच्यासाठी मुद्दाम खुर्ची मांडली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. एक पाय आत, एक बाहेर ठेवून तो दारातच थांबला आणि उलट त्याने मलाच दटावलं, "मागच्या वेळी तू सोफ्याच्या डाव्या टोकाला होतीस. चल, सरक तिकडे!"