पाच जिनसांचा लेप

खर्ड्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी बॅग स्वतः वर चढवली, खिडकीच्या जागेवर आपला रुमाल टाकला आणि कंडक्टरला दोनदा बजावलं, "पोरगी पयल्यांदाच चाललीया. शेवटच्या स्टॉपलाच उतरवा, मधी न्हाई." मी बावीस वर्षांची होते, बॉटनी घेऊन बीएस्सी झालेली. कंडक्टरनं मात्र मान अशी डोलावली की जणू बालवाडीतली पोर ताब्यात घेतोय.

मी रडले नाही. तासाभरापूर्वीच शेताच्या बांधावर अण्णांनी माझ्या कानाला तोंड लावून लेपातले जिन्नस सांगितले होते. आसपास एक शेळी सोडली तर चिटपाखरू नव्हतं, तरी ते कुजबुजत होते. निर्गुडीचा पाला, तरवडाची साल, एरंडाचं मूळ, बाभळीचा डिंक, जुनी आंबेहळद. "कागदावर उतरवायचं न्हाई," ते म्हणाले. "कुनाला सांगायचं न्हाई. घरातलं हाय, घरातच ऱ्हायाचं."

आमचं घर मुरगळलेलं नि निखळलेलं बसवणारं. कारखाने बंद होऊन ऊसतोडीची माणसं गावी परतली की आमच्या ओट्यावर रांग लागायची. कुणाचं मनगट, कुणाचा खांदा, कुणाची कंबर. आई मी आठवीत असताना गेली. तेव्हापासून अण्णा लेप वाटायला बसले की पाणी देणारी, फडकी फाडणारी मी. काही जिन्नस ते आधीच कुटून पुरचुंडीत आणायचे, त्यात काय असतं ते कधी बोलले नव्हते. त्या सकाळी बोलले. जामखेड येईपर्यंत मी ती पाच नावं मनात घोळवत होते. नगर आलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) तरी तेच. घरानं मला मोठं मानलं, या आनंदात घर सुटल्याचं दुःख मला झालंच नाही.

कोर्सचं नाव होतं होलिस्टिक हर्बल प्रॅक्टिशनर. अण्णांना ते तीन वेळा सांगावं लागलं होतं. शेवटी म्हणाले, "म्हंजे आपलंच काम, पन इंग्रजीतनं."

बोलले ते अगदी बरोबर निघालं. पुण्यात चौथ्या मजल्यावरचा एक मोठा फ्लॅट म्हणजे आमची संस्था. वर गच्चीत कुंड्या, प्रत्येक कुंडीला लॅटिन नावाची पाटी. आमच्या माळावर जी निर्गुडी कुणी विचारत नाही तिला इथे ठिबक सिंचन होतं. रोगी म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. उपासाला डिटॉक्स. माझ्या वर्गातल्या मुली हातमोजे घालून पाला तोडायच्या. मला आधी हसू यायचं, मग वर्षभरात मीही हातमोजे घालायला लागले.

संस्था चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच महिन्यात मला पुढे बोलावून सगळ्यांना सांगितलं, "हिच्या बोटांना ज्ञान आहे. हिच्याकडून शिका." अण्णांचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "बरं केलंस" एवढंच. इथे एक शिकलेली, चष्मेवाली बाई चारचौघांत माझ्या बोटांची स्तुती करत होती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, दुसरं काय.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला, घराण्यातला एक औषधयोग लिहून द्यायचा. बाकीच्यांनी नेटवरचे काढे आजीच्या नावावर खपवले. मी सात दिवस कागद कोरा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "सुमन, तुझ्या वडिलांचं नाव छापून येईल. अशी माणसं नाहीतर विस्मरणात जातात गं." मला अण्णांचं नाव छापलेलं दिसायला लागलं. मी पाचही जिन्नस लिहिले, प्रमाणासकट. कुणी माझा गळा धरला नव्हता, हे आधीच कबूल करते. चोराच्या हाती किल्ल्या मीच दिल्या.

मधल्या काळात तो लेप मी स्वतःही वापरत होते. होस्टेलवरच्या एका मुलीच्या घोट्याला बांधला, वॉचमनकाकांच्या मनगटाला बांधला. खर्ड्याला तिसऱ्या दिवशी माणूस चालत घरी जायचा, इथे दहा दिवस झाले तरी सूज निम्मीच. मी कुंडीतल्या पाल्याला दोष दिला. मग पुण्याच्या पाण्याला. शेवटी त्या माणसांनाच. एसीत बसून यांची हाडंच अशी झालीत, असं मी त्या मुलीला तोंडावर म्हणाले, ते आठवलं की अजून लाज वाटते.

डिप्लोमा झाल्यावर मी मॅडमच्याच क्लिनिकमध्ये लागले. सहा महिन्यांनी एका सकाळी काउंटरवर पुठ्ठ्याची नवी उभी पाटी दिसली. तिच्यावर भगवी शाल घेतलेल्या मॅडम, मागे बर्फाचे डोंगर आणि खाली ओळीत मांडलेल्या मलमाच्या ट्यूब. हिमालयातल्या एका तपस्व्यानं दिलेला दुर्मीळ योग. मी ट्यूब उलटी करून वाचली. पाच जिन्नस, मी लिहिलेल्याच क्रमानं. हिमालयात तरवड! आमच्या उजाड माळावर शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही तो तरवड यांना बर्फात सापडला होता.

मी केबिनमध्ये जाऊन ट्यूब टेबलावर ठेवली. मॅडम दचकल्या नाहीत. "अगं, ज्ञान काही कुणाच्या मालकीचं नसतं," त्या म्हणाल्या. मग अगदी समजुतीनं, "आणि खर्डा लिहिलं तर घेईल कोण?"

नोकरी त्याच दिवशी सोडली. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं घेऊन मी गाडीत बसले. मला मॅडमची चीड होती, पण भीती होती ती अण्णांची. वचन मोडलं हे कळल्यावर ते माझ्याशी बोलतील का, एवढाच प्रश्न खर्डा येईपर्यंत होता.

अण्णा ओट्यावर बसले होते. आत माझी वहिनी, संगीता, पाट्यावर काहीतरी वाटत होती. माझा भाऊ सुप्याच्या एमआयडीसीत, आठवड्याला एकदा येणारा, त्यामुळे घरात दोघंच. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अण्णांनी ट्यूबवरचं वाचायला लावलं. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"बास? एवढंच?"

"तुम्ही सांगितलं होतं तेवढंच."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मंग काय न्हाई गेलं. अजून दोन हायेत. त्याबिगर सूज उतरत न्हाई."

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग आतला वरवंटा थांबला आणि कळलं. वहिनी मान खाली घालून बसली होती. ते दोन तिला माहीत होते. मी पुण्याला जायच्या आधीच, ती लग्न होऊन आली त्याच वर्षी, अण्णांनी तिला सातही सांगितले होते.

"सुमे, लेक जानारी असती," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शेतीची माहिती द्यावी तसं सांगत होते. "जानाऱ्याला पोटभर वाढावं, पन किल्ली देऊ नये. सून ऱ्हाती. आपल्यात असंच हाय."

"मग काहीच सांगायचं नव्हतं! अर्धा लेप देऊन कशाला पाठवलं? मी तो लोकांच्या पायांना बांधत होते, अण्णा!"

त्यांनी माझ्या हातातल्या ट्यूबकडे पाहिलं. "बरंच झालं की मंग," एवढंच म्हणाले.

मी वचन मोडलं हे खरं. पण माझ्यावरचा अविश्वास त्याच्या आधीचा होता, बांधावरच्या त्या कुजबुजीतच होता. मॅडमचा किस्सा मी आता हसत सांगते, हिमालयातल्या तरवडासकट. परक्यानं लुबाडलं तर निदान शिव्या तरी देता येतात. अण्णांना काय म्हणू? संध्याकाळी वहिनी मागच्या दारी येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी सांगते तुमाला, त्यांना कळायचं न्हाई." मी नको म्हणाले. ती बिचारी मनापासून म्हणत होती. पण मला ती नावं नको होती, मला ती अण्णांनी सांगायला हवी होती.

भावकीच्या ग्रुपवर तुम्ही सारखं विचारता, सुमन गावाला का येत नाही, म्हणून हे लिहिलं. मी येते, दिवाळीला येतेच. पुण्यात धनकवडीला माझी छोटी खोली आहे, आहार सांगते, तेल-मालिश करते, बरं चाललंय. मुरगळलेलं कुणी आलं की मात्र हात लावत नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात, त्यांनी एकदा आठवून बघा, निघताना हातावर ठेवलं ते सगळं होतं का.

गेल्या दिवाळीत अंगणात सडा टाकताना माझा पाय घसरला आणि घोटा टम्म सुजला. आता अण्णांना नीट दिसत नाही, सगळं वहिनीच करते. मला धरून तिनं ओट्यावर आणून बसवलं आणि पुरचुंडी सोडायला घेतली. आमच्याकडे रीत अशी की पुरचुंडी सुटल्यापासून लेप वाटून होईपर्यंत रोग्यानं तोंड फिरवून बसायचं. ही रीत मला कधीच लागली नव्हती, मी वाटणाऱ्यांच्या बाजूला बसणारी. वहिनीचा हात गाठीवर थांबला. तिनं अण्णांकडे पाहिलं. कुणी सांगायच्या आधी मीच भिंतीकडे तोंड केलं आणि वाट पाहिली, कुणीतरी म्हणेल, राहू दे गं, तू बस अशीच. माझ्या पाठीमागे वरवंटा फिरायला लागला.

तिसऱ्या दिवशी माझा पाय अगदी बरा झाला.