अर्धं शटर

हौसाबाईंच्या दुकानाचं शटर ऐन धंद्याच्या वेळी अर्धं खाली असे. सावेडीतल्या त्या गाळ्यात मसाला कुटायचं यंत्र होतं. आम्ही त्याला डंक म्हणतो. लोखंडी मुसळं धाडधाड आपटायची आणि मिरचीचा खकाणा शटरखालून बाहेर यायचा. पायरीवर चार-पाच बायका नाकाला पदर लावून शिंकत बसलेल्या असायच्या. आत एका वेळी एकीनेच जायचं, तेही वाकून. दुसरी डोकावली की आतून आवाज यायचा, "ए बये, तुज्या घरचं तुला, तिच्या घरचं तिला. बस भायेर."

कारण असं की हौसाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आम्ही फक्त मिरची न्यायचो. धने, खोबरं, दगडफूल सगळं त्यांच्याकडचं. कोणत्या घराला काय किती घालायचं, ते आमच्या सासवांनी त्यांना एकदाच सांगितलेलं आणि त्यांनी ते पाठ केलेलं. पिशवी नाकाशी नेऊन मिरची हुंगायची, घराचं नाव घ्यायचं आणि मग मोठ्याने म्हणत म्हणत माप टाकायचं. मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांना आठवतच नसे. म्हणून ते अर्धं शटर.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण सात वर्षांपूर्वी मी फार तरुण होते, जेमतेम एकसष्ट. पोस्टातून निवृत्त झालेले, नातीचा जुना मोबाईल हाती आलेला. मी व्हिडिओ करत असे. "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणताना मान अशी वेळावायचे की आज पाहिलं तरी माझीच मान अवघडते. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं, धंदा छोटा असला तरी लोकांना दिसला पाहिजे. झालं! मला समोर दिसलं ते हौसाबाईंचं अर्धं शटर.

"हौसाबाई, लोकांना कळायला नको तुमचं काम?"

"ज्यांना कळाया पायजे त्या बसल्यात की पायरीवर."

"अहो, पण बाहेरगावचे?"

त्यांनी खोबरं फोडता फोडता माझ्याकडे पाहिलं. खर्ड्याहून लग्न करून आलेली ती बाई चाळीस वर्षं धुळीत डोळे बारीक करून पाहायची. "वैनी, मिरचीला जास्त ऊन दिलं तर रंग जातो," त्या म्हणाल्या. मला वाटलं, मिरचीबद्दलच बोलतायत.

पण मी चिकट. फाल्गुन संपत आला होता. उन्हाळ्याच्या त्या तीन महिन्यांच्या कमाईवर त्यांचं वर्ष निघे, हे मीच त्यांना ऐकवलं. शेवटी "करा बाई काय करायचं ते" म्हणाल्या. मी दुपारी दोन्ही हातांनी शटर वर ढकललं, उजेडासाठी. आणि वर शहाणपणाने सांगितलं, "माझ्याकडे बघू नका. रोजच्यासारखं करा."

त्यांनी रोजच्यासारखंच केलं. समोर आली ती पिशवी हुंगली आणि सुरू झाल्या, "गुंजाळांची. मिरची तीन किलो, धने दीड, खोबरं एक, तीळ पाव, दगडफूल दोन मुठी, अन् भाजकी डाळ चार मुठी, ह्ये कुनाला सांगायचं न्हाई."

गुंजाळांकडच्या सासूने सांगताना म्हटलेलं ते शेवटचं वाक्यही त्यांनी मापाबरोबरच पाठ केलं होतं. मला हसू आवरेना. तेवढ्यासाठीच तर मी तो व्हिडिओ टाकला, खाली हौसाबाईंचा नंबर देऊन.

आता गुंजाळांचं सांगते. पुष्पाताई गुंजाळ आमच्याच गल्लीतल्या. त्यांच्या मटणाचा रस्सा असा दाट की चमचा उभा राहावा. विचारलं की म्हणायच्या, "आम्ही काही घालत नाही हो, हाताचा गुण." वीस वर्षं म्हणत होत्या. व्हिडिओ टाकल्यावर दोन दिवसांत भाजी मंडईत कुणीतरी त्यांना विचारलं, "डाळ कुठली घेता?"

व्हिडिओ मात्र तुफान चालला. मी दर तासाला आकडा पाहायचे आणि हौसाबाईंना सांगायला धावायचे. त्यांच्याकडेही फोन येत होते, नागपूरहून, कोल्हापूरहून, एक तर दुबईहून. "मसाला पाठवा" म्हणायचे.

"आवो, मी मसाला इकत न्हाई. कुटून देती. पिशवी घिऊन या," हौसाबाई ओरडून सांगायच्या. दुबईवाल्यालाही तेच सांगितलं. फोन वाजला की म्हणणं मध्येच तुटायचं, पुन्हा घराच्या नावापासून सुरुवात करावी लागायची. एकीच्या मसाल्यात धने दोनदा पडले.

पण खरी गोष्ट पायरीवर घडली. पायरी रिकामी झाली. पुष्पाताई गेल्या, त्यामागोमाग इतर. डाळीशी कुणाला देणंघेणं नव्हतं. एकीने मला तोंडावर सांगितलं, "आज त्यांचं सांगितलं, उद्या आमचं." चैत्र गेला, वैशाख आला, बायका दोन गल्ल्या पलीकडच्या डंकावर रांगा लावत होत्या. तिथे शटर सताड उघडं असे, पण तिथे कुणाचं काही पाठही नव्हतं.

मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो शंभर ठिकाणी पोचला होता. पुष्पाताईंकडे माफी मागायला गेले, त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. हौसाबाईंकडे गेले, तर त्या एकट्याच यंत्राला तेल देत होत्या.

"मला शिव्या तरी द्या," मी म्हणाले.

"शिव्या दिऊन पायरी भरती व्हय? बसा. चा पिता?"

ज्याचा माल पार्सलात बसतो, त्याला या व्हिडिओंचा फायदा होतो. मी पाहिलाय. आमच्याच ओळखीतली एक पापडवाली आता मुंबईला पापड पाठवते. हौसाबाईंचं निम्मं काम कुटणं होतं आणि निम्मं गप्प राहणं. त्या दुसऱ्या निम्म्याचा व्हिडिओ कसा करणार? हे मला एकसष्टाव्या वर्षी सुचायला हवं होतं. पण म्हटलं ना, तरुण होते.

त्या वर्षी त्यांनी अंगठी मोडून गाळ्याचं भाडं भरलं. पुढच्या फाल्गुनापर्यंत त्यांनी एक नवी विद्या कमावली, आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणायची. बायका हळूहळू परतल्या. पुष्पाताई परतल्या सगळ्यांत शेवटी.

मागच्या श्रावणात हौसाबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप आणि खेळ आटोपला. मुलाने यंत्र विकलं. उन्हाळा आला तेव्हा आम्हाला कळलं की गल्लीत एकीलाही स्वतःच्या घरचं माप ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंचा मसालाही त्यांच्याबरोबर गेला. मी आता पुडी आणते. माझा मुलगा दुसऱ्यांदा रस्सा मागत नाही.

परवा दुपारी पुष्पाताई आल्या. सात वर्षांत प्रथमच. बसल्या नाहीत.

"तो आहे का अजून तुमच्याकडे?"

"काय?"

"आता वेड पांघरू नका. मी तो कधी पाहिलाच नव्हता. लोकांनी सांगितलं तेवढंच. डाळ माहीत आहे हो मला, पण बाकीचं…"

मोबाईलमध्ये तो होता. मी लावला. हौसाबाईंनी पिशवी हुंगली, "गुंजाळांची" म्हणाल्या. पुष्पाताई पदराआड बोटांच्या पेरांवर माप मोजू लागल्या. "कुनाला सांगायचं न्हाई"ला आम्ही दोघीही हसलो नाही.

शेवटचा तुकडा मी तेव्हा कापून मग व्हिडिओ टाकला होता. मोबाईलमध्ये मात्र तो आहे. त्यात हौसाबाई घाम पुसत थेट माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "झालं का वैनी? मंग वढा शटर खाली."

मी उठले आणि दार लोटून घेतलं. मग पुष्पाताईंसाठी पुन्हा पहिल्यापासून लावला.